फिलिपिनो पुराणकथांतून फॅन्टसीची पात्रं कशी घडवावीत

मनानांग्गाल म्हणजे फिलिपिन्सची हडळ नव्हे, आणि तिकबालांग म्हणजे तिकडचा चकवा नव्हे. मराठीत लिहिताना हात सवयीनं या ओळखीच्या शब्दांकडे वळतो आणि पात्र तिथेच संपतं. हडळ म्हटलं की वाचकाला उलटी पावलं दिसतात. मनानांग्गाल मात्र दिवसा चारचौघींसारखी बाई असते. रात्री तिचं कमरेवरचं धड सुटतं, वटवाघळासारख्या पंखांनी उडतं, आणि खालचं अर्धं शरीर अंधारात तसंच उभं राहतं. ‘तांग्गाल’ म्हणजे सुटं करणं, तिचं नाव त्यावरूनच आलं आहे. म्हणून मूळ नाव ठेवा आणि त्याचा अर्थ प्रसंगातून उलगडू द्या.

आधी बेट आणि काळ ठरवा

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटं आणि शंभराहून जास्त भाषा. सगळ्यांचं मिळून एकच देवमंडळ कधीच नव्हतं. बाथाला हा मनिलाच्या आसपासच्या तागालोग लोकांचा सर्वश्रेष्ठ देव. देवाशी बोलणाऱ्या व्यक्तीला देशाच्या मध्यभागातल्या विसाया बेटांवर बाबायलान म्हणतात, तागालोग भागात काटालोनान, तर उत्तरेच्या डोंगरातले इफुगाओ मुंबाकी म्हणतात. हे तिघं एकाच गावात आणून बसवलेत तर जाणत्या वाचकाला लगेच खटकेल.

काळाचंही तसंच. स्पॅनिश सत्ता 1565 मध्ये रुजू लागली. 1589 मध्ये हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं तागालोग लोकांच्या पुजारी-चेटक्यांचे बारा प्रकार नोंदवले. त्यात अस्वांग, म्हणजे उडणारा, माणसं मारून खाणारा चेटक्या, आहे, पण तो विसाया बेटांकडचा, तागालोगांत नाही, असं तो म्हणतो. सुटं होणारं शरीरही त्याच्या यादीत आहे, मात्र तिथे कमरेपासून नव्हे, डोकं आतड्यांसकट निघतं. कथा सोळाव्या शतकात घडत असेल तर हे जुनं रूप वापरा. आजच्या मनिलात घडत असेल तर कमरेपासूनचं.

रूपाआधी नियम लिहा

कागदावर प्रत्येक पात्रासाठी चार गोष्टी मांडा: मुक्काम कुठे, बिनसतं कशानं, उतारा काय, आणि त्याला काय जमत नाही. पंख, दात, डोळे नंतर.

नुनो सा पुन्सो हा वारुळात राहणारा म्हातारा. वारूळ तुडवलं की तो थुंकतो आणि पाय सुजतो. म्हणून रानातून जाताना लोक ‘ताबी-ताबी पो’ म्हणतात, म्हणजे ‘बाजूनं जातोय हो, सांभाळून घ्या’. यातला ‘पो’ आदरार्थी आहे. तुमच्या पात्रानं तो गाळला तर एका अक्षरात उद्धटपणा दिसतो आणि पुढचा सगळा प्रसंग त्यातून निघतो.

तिकबालांगचं डोकं घोड्याचं आणि पाय इतके लांब की उकिडवा बसला तर गुडघे डोक्याच्या वर जातात. तो वाटसरूला त्याच त्या जागी फिरवत ठेवतो. उतारा म्हणजे अंगातला सदरा उलटा घालणं. त्याच्या आयाळीतले तीन राठ केस जो उपटेल त्याचा तो ताबेदार होतो. उन्हात पाऊस पडला की तिकबालांगाचं लग्न आहे असं म्हणतात. आपल्याकडे तेव्हा कोल्ह्याचं लग्न असतं, त्यामुळे हा तपशील मराठी वाचकाला चटकन भिडतो. चकवा आणि तिकबालांग यांतला फरकही इथेच दाखवा: चकव्याला चेहरा नसतो, तिकबालांगाला देह आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी झुंजता येतं.

वाकवाक म्हणजे रात्री उडत येऊन माणसांवर झडप घालणारा पक्ष्यासारखा जीव. त्याचा नियम तर भयकथेला आयता मिळालेला आहे. त्याचा आवाज मोठा असेल तर तो लांब आहे, बारीक होत गेला तर तो जवळ आलाय.

जादूची किंमत ठरवा

फुकटात मिळालेल्या शक्तीनं पात्र पोकळ होतं. फिलिपिनो परंपरेत ती फुकट मिळत नाही. आंतिंग-आंतिंग म्हणजे ताईत. एका समजुतीनुसार मध्यरात्री केळफुलातून खडा पडतो, तो जमिनीला लागण्याआधी तोंडात झेलायचा. मग पहाटेपर्यंत तो हिसकावायला आलेल्या अदृश्य शक्तींशी लढायचं. ताईत मिळाल्यावरही त्याची शक्ती दर गुड फ्रायडेला नव्यानं जागवावी लागते. जुन्या श्रद्धेवर ख्रिस्ती धर्म असा चढला आहे, आणि स्पॅनिश काळानंतरच्या कथेतून तो गाळलात तर चित्र खोटं होईल.

आल्बुलार्यो, म्हणजे गावचा वैदू, आजाराचं मूळ शोधायला ‘तावास’ करतो. तावास म्हणजे तुरटी. ती निखाऱ्यावर तापवायची किंवा मेणबत्तीचं मेण पाण्यात पाडायचं, आणि तयार झालेल्या आकारावरून कोणी बाधलं ते ओळखायचं. दृष्ट काढताना तुरटीत आकार पाहणं आपल्याकडेही आहे, म्हणून हा प्रसंग लिहिताना समजावत बसू नका. तडतडणारी तुरटी, तिचा फुगून झालेला पांढरा गोळा आणि त्याकडे वाकून बघणारी आई, एवढं पुरेसं आहे.

संस्कृत ओळखीनं फसू नका

‘दिवाता’ हा शब्द ‘देवता’वरून आला. लागुना प्रांतात सापडलेल्या ताम्रपटावर शके 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी मिती आहे, म्हणजे इसवी सन 900. वाचताना आपल्याला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. तरीही दिवाताला गाभारा आणि आरती देऊ नका. ती डोंगराची, झाडाची, झऱ्याची राखणकर्ती आहे. लागुनातल्या माकिलिंग डोंगराची दिवाता मारिया माकिलिंग तिच्या डोंगरापासून वेगळी काढता येत नाही, आणि डोंगर ओरबाडला की ती दिसेनाशी होते.

जिवंत माणसांना सांभाळा

या समजुती आजही पाळल्या जातात. पनाय बेटावरच्या कापिस प्रांताला अस्वांगांचा प्रदेश हे नाव चिकटलं आहे. तिथे लुबाग नावाचा आनुवंशिक आजार आढळतो, ज्यात रुग्णाचं अंग त्याच्या इच्छेविरुद्ध पिळवटतं. अस्वांगच्या समजुतीला अशा रुग्णांमुळे बळ मिळालं असावं, असं काही अभ्यासक मानतात. स्पॅनिश पाद्र्यांनी बाबायलान स्त्रियांना चेटकिणी ठरवलं तेही विसरू नका. खलनायिका अस्वांग करायची असेल तर गावानं तिच्यावर आळ का घेतला, हा प्रश्न कथेत यायलाच हवा.

मिठानं तपासून पाहा

पात्र उभं राहिलं का, हे बघायला स्वयंपाकघरातला एक प्रसंग लिहा. अदृश्य पाहुण्यांना ठेवायचं जेवण अळणी असतं, कारण त्यांना मीठ सोसत नाही. अस्वांगलाही सोसत नाही. मनानांग्गालच्या मागे राहिलेल्या अर्ध्या अंगावर मीठ किंवा राख टाकली की धड परत जुळत नाही आणि उजाडताच ती मरते. आता नवी सून सासूबरोबर जेवायला बसली आहे. सासू भात वाढते, मिठाचं भांडं हळूच चुलीच्या पलीकडे सरकवते आणि विचारते, ‘आमटी अळणी तर नाही ना झाली?’ दोनशे शब्द लिहा, आणि त्यात अस्वांग हा शब्द एकदाही येऊ देऊ नका.