व्याख्येऐवजी कोड्यापासून सुरुवात करा
समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला कॉम्त, मार्क्स, वेबर अशा विचारवंतांची सनावळीसकट यादी फळ्यावर लिहिली, की वर्ग झोपलाच समजा. त्यापेक्षा कोडं घाला: आत्महत्या इतकी खासगी गोष्ट, तरी एखाद्या देशात तिचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास सारखंच का राहतं? मुलं नैराश्य, कर्ज, अपयश अशी कारणं सांगतील. सांगू द्या. मग विचारा, अविवाहितांत ते विवाहितांपेक्षा जास्त का? आता फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचं आत्महत्येवरचं १८९७ चं पुस्तक काढा. माणूस समाजाशी किती बांधलेला आहे, यात त्याने उत्तर शोधलं. मार्क्स, वेबर पुढच्या तासाला, असेच. विषय मात्र नाजूक. वर्गात कुणाच्या घरी असं घडलं असेल तर दुर्खीमच्याच १८९३ च्या श्रमविभागणीवरच्या ग्रंथापासून सुरुवात करा.