एक्सव्ही६च्या कर्नेलमध्ये जीडीबीसाठी जागा कशी करावी

"मॅडम, क्यूईएमयूला 'वजा एस' दिलं की जीडीबी लागतोच. मग कर्नेलमध्ये वेगळं कशाला लिहायचं?" शनिवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोघांपैकी एकीने हे विचारलं. (क्यूईएमयू म्हणजे सॉफ्टवेअरमधला नकली संगणक, जीडीबी म्हणजे चालता कोड थांबवून तपासणारा डीबगर, आणि लहान 'वजा एस' हा त्या दोघांना जोडू देणारा पर्याय.) प्रश्न रास्त आहे. क्यूईएमयूचा डीबगर प्रोसेसरच्या बाहेर बसलेला असतो आणि कर्नेलला त्याचा पत्ताही नसतो. पण टेबलावर खरा बोर्ड असेल, जेटॅग (चिपच्या आत थेट डोकावायची डीबग जोडणी) नसेल आणि हाती फक्त सिरीयलच्या तीन तारा असतील, तर बाहेरून बघणारं कोणी उरत नाही. कर्नेलनेच थांबायचं आणि स्वतःची रजिस्टरं वाचून दाखवायची. मी पुण्यात एम्बेडेड बोर्डांवर काम करते आणि ही वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. म्हणून हे काम एकदा तरी हाताने करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

यासाठी मी एक्सव्ही६ घेते, म्हणजे रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरवर चालणारी, शिकवण्यासाठी लिहिलेली एमआयटीची छोटी ऑपरेटिंग सिस्टम, कारण तो अख्खा वाचून होतो. सुरुवात करण्यापूर्वी मेकफाइलमध्ये दोन बदल करा. सीपीयूंची संख्या १ ठेवा. आणि जिथे जिथे आरव्ही६४जीसी (कंपायलरने कुठली इन्स्ट्रक्शनं वापरायची ते सांगणारं नाव) लिहिलं असेल तिथला शेवटचा सी, म्हणजे २ बाइटची आखूड इन्स्ट्रक्शनं, काढा. म्हणजे सगळी इन्स्ट्रक्शनं ४ बाइटची होतील, नाहीतर २ आणि ४ बाइटच्या सरमिसळीत पहिला आठवडा जाईल. सी नंतर परत आणता येतो.

आता ट्रॅप फ्रेम. चालू कोड मध्येच थांबून प्रोसेसर कर्नेलच्या ठरलेल्या कोडकडे जातो तो ट्रॅप, आणि तेव्हाची रजिस्टरं साठवायची जागा ती फ्रेम. बहुतेक जण आधी जीडीबीचा प्रोटोकॉल लिहायला बसतात. मी म्हणते, फ्रेम आधी. ईब्रेक हे मुद्दाम थांबवणारं इन्स्ट्रक्शन चाललं की प्रोसेसर एसकॉज या ट्रॅपचं कारण सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये ३ लिहितो, एसईपीसीमध्ये त्या ईब्रेकचाच पत्ता ठेवतो आणि कर्नेलवेक या ट्रॅपच्या प्रवेशद्वारावरच्या असेंब्ली कोडकडे उडी मारतो. (एक्स८६मध्ये इंट३नंतर पत्ता एक बाइट पुढचा मिळतो, तो मागे घ्यावा लागतो. इथे ती कटकट नाही.) स्टार्ट.सीमध्ये एमडेलेग रजिस्टरमधून सगळे अपवाद एस-मोडला, म्हणजे कर्नेल ज्या पातळीवर चालतो तिला, सोपवलेले असल्यामुळे ट्रॅप तिथेच येतो.

अडचण कर्नेलवेकमध्ये आहे. एक्सव्ही६ची अलीकडची आवृत्ती तिथे फक्त कॉलर-सेव्ह्ड रजिस्टरं (बोलावलेलं फंक्शन खुशाल बदलू शकतं अशी) साठवते. एस० ते एस११ सी कंपायलर सांभाळेल, असा तिचा हिशेब. टायमर इंटरप्टला तो पुरतो, डीबगरला पुरत नाही. हे लक्षात यायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या होत्या. बॅकट्रेसची पहिली ओळ बरोबर यायची आणि दुसरीपासून कचरा. एक्सव्ही६ फ्रेम पॉइंटर ठेवून कंपाइल होतो, तो फ्रेम पॉइंटर म्हणजे एस०, आणि मी जीडीबीला पाठवत होते तो एस० माझ्याच हँडलरचा होता, थांबलेल्या कोडचा नव्हे.

तेव्हा एक्स१ ते एक्स३१ सगळी साठवा. जीडीबीला क्रम हवा असतो एक्स० ते एक्स३१ आणि शेवटी पीसी (कोड कुठे थांबलाय तो पत्ता), म्हणजे ३३ रजिस्टरं, प्रत्येकी ८ बाइट, एकूण २६४. स्टॅक १६च्या पटीत राहायला हवा म्हणून फ्रेम २७२ बाइटची घ्या. एक्स०च्या जागी शून्य लिहा. एसपीच्या, म्हणजे स्टॅक पॉइंटरच्या जागी आत्ताचा नव्हे, तर २७२ मिळवून येणारा जुना एसपी लिहा. मग फ्रेमचा पत्ता ए०मध्ये (पहिल्या आर्ग्युमेंटचं रजिस्टर) घालून कर्नेलट्रॅप या सी फंक्शनला द्या. परत जाताना टीपी मात्र फ्रेममधून भरू नका, त्यात हार्टचा, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरचा क्रमांक असतो आणि मूळ कोडही तो मुद्दाम सोडतो. कर्नेलट्रॅप एसईपीसी स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवून शेवटी परत लिहितो. आता ती किंमत फ्रेममधल्या पीसीतून यायला हवी, नाहीतर जीडीबीने बदललेला पीसी वाया जातो.

फ्रेम नीट झाली की प्रोटोकॉल एका बैठकीत होतो. पॅकेट म्हणजे डॉलर, मजकूर, हॅश आणि मजकुराच्या बाइटांच्या बेरजेचा तळाचा एक बाइट दोन हेक्स अंकांत. 'ओके' हे उत्तर तारेवर $ओके#९ए असं जातं. पॅकेट नीट पोचलं तर अधिक चिन्ह पाठवायचं, नाहीतर वजा. प्रश्नचिन्ह ('का थांबलास?') आलं तर एस०५ ('ट्रॅपमुळे'). लहान जी आला तर सगळी रजिस्टरं, लिटल-एंडियन क्रमाने, ५२८ हेक्स अक्षरांत. मोठा जी आला तर तीच परत भरायची. लहान एम वाचायला, मोठा एम लिहायला, सी पुढे जायला, एस एक पाऊल टाकायला. बाकी कशालाही रिकामं पॅकेट पाठवा, 'हे मला येत नाही' असा त्याचा अर्थ. ब्रेकपॉइंटचं झेड० पॅकेटसुद्धा सोडून द्या. जीडीबी मग मोठ्या एमने स्वतःच ईब्रेक लिहितो. बफर स्टॅटिक ठेवा, कारण एक्सव्ही६चा कर्नेल स्टॅक एका पानाचा, ४०९६ बाइटचा आहे.

यूआर्टवर (सिरीयल तारा हाताळणाऱ्या चिपवर) बोलताना कर्नेलचा प्रिंटएफ वापरायचा नाही. तो लॉक घेतो, आणि थांबलेल्या कोडच्या हातात नेमका तोच लॉक असेल तर सगळं कायमचं गोठतं. हेक्स १००००००० या पत्त्यावरची ती १६५५० चिप थेट पोल करा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचून बघा. तिच्या ५ क्रमांकाच्या रजिस्टरचा तळाचा बिट लागला की अक्षर आलंय, हेक्स २०चा बिट लागला की पाठवायला जागा आहे. कर्नेलट्रॅपमध्ये इंटरप्ट बंदच असतात, त्यामुळे मध्ये कोणी येत नाही.

आता पहिला ब्रेकपॉइंट लावून बघा. तो लागणार नाही. एक्सव्ही६ कर्नेलचा कोड फक्त वाचा-चालवा अशा परवानगीने मॅप करतो, त्यामुळे ईब्रेक लिहिताना एसकॉज १५, म्हणजे स्टोअर पेज फॉल्ट येतो. व्हीएम.सीमध्ये त्या मॅपिंगला लिहिण्याची परवानगी जोडा, फक्त डीबग बिल्डपुरती. लिनक्समध्येही हाच अडसर आहे, म्हणून केजीडीबीची (लिनक्स कर्नेलच्या आतल्या अशाच डीबगरची) कागदपत्रं स्ट्रिक्ट कर्नेल आरडब्ल्यूएक्स हा पर्याय बंद करायचा विचार करा असं सांगतात. आणि प्रत्येक लिखाणानंतर फेन्स डॉट आय द्या, म्हणजे प्रोसेसर इन्स्ट्रक्शनं नव्याने वाचेल. क्यूईएमयू बदललेला कोड आपोआप ओळखतो, त्यामुळे तिथे हे विसरलात तरी सगळं चालेल. खऱ्या बोर्डावर जुनं इन्स्ट्रक्शन कॅशमधून चालत राहील आणि ब्रेकपॉइंट कधी लागेल, कधी नाही.

जीडीबी चुकीचा पत्ताही मागतो, एखाद्या रिकाम्या पॉइंटरमागे जाऊन. तिथे आपलाच कोड फॉल्टमध्ये पडतो. मेमरी वाचण्याआधी एक झेंडा लावा. झेंडा वर असताना ५, ७, १३ किंवा १५ क्रमांकाचा ट्रॅप आला तर पीसी ४ने पुढे ढकला, चूक झाल्याची खूण ठेवा आणि उत्तरात ई१४ पाठवा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो एक पाऊल टाकण्याला. एक्स८६मध्ये त्यासाठी प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर थांबवणारा ट्रॅप फ्लॅग असतो. रिस्क-फाइव्हमध्ये स्टेपचा बिट आहे, पण तो बाहेरून जोडलेल्या डीबगरसाठी, एस-मोडमधल्या कर्नेलला तो हाताळता येत नाही. म्हणून पुढचं इन्स्ट्रक्शन कुठलं हे आपणच ठरवायचं आणि तिथे तात्पुरता ईब्रेक पेरायचा. तळाचे ७ बिट बघा. हेक्स ६एफ म्हणजे जाल (ठरलेल्या अंतरावर उडी), ६७ म्हणजे जालआर (रजिस्टरमधल्या पत्त्यावर उडी), ६३ म्हणजे ब्रांच (अट खरी असेल तर उडी). ब्रांचसाठी फ्रेममधल्या रजिस्टरांच्या किमती घेऊन अट खरोखर तपासा, जालआरसाठी पत्ता काढून तळाचा बिट शून्य करा, बाकीच्यांना अधिक ४. ट्रॅप परत आला की मूळ इन्स्ट्रक्शन जागेवर ठेवा. हे टाळून चालत नाही. ब्रेकपॉइंटवरून पुढे जाताना जीडीबी आधी तो काढतो, एक पाऊल टाकतो आणि परत लावतो. म्हणजे एस नसेल तर सी सुद्धा धड चालत नाही.

यात एक फसवी जागा आहे. एलआर आणि एससी ही लॉकसारख्या कामांची जोडी आहे: एलआर जागा वाचून आरक्षित करतं, एससी आरक्षण टिकलं असेल तरच लिहितं. या जोडीच्या मध्ये ईब्रेक पडला, तर एलआरने घेतलेलं आरक्षण टिकण्याची हमी राहत नाही. एससी फसते, कोड मागे जातो, पुन्हा आपण थांबतो, आणि हे न संपणारं चक्र होतं. एलआर दिसलं की एससीनंतरची उडी ओलांडून पुढे ब्रेकपॉइंट ठेवा.

मेनमध्ये आपण हाताने लिहिलेल्या पहिल्या ईब्रेकचं वेगळं आहे. तो जीडीबीने लावलेला नाही, म्हणून काढणारही नाही. सी किंवा एस आल्यावर पीसी त्याच्यावरच असेल तर स्वतः ४ने पुढे सरका.

जोडणीसाठी क्यूईएमयूचं सिरीयल टीसीपी पोर्टवर वळवा आणि जीडीबी-मल्टिआर्कमध्ये त्या पोर्टला टार्गेट रिमोट द्या. शेलचा प्रॉम्प्ट मात्र आधी बदला. एक्सव्ही६चं शेल डॉलर छापतं, जीडीबीला वाटतं पॅकेट सुरू झालं, आणि तो हॅशची वाट बघत बसतो. एसएच.सीमध्ये तिथे टक्क्याचं चिन्ह ठेवा. चालू कर्नेल थांबवायला जीडीबी बाइट ३ पाठवतो, यूआर्ट-इंटरमध्ये तो ओळखून ईब्रेक चालवा.

आणि हो, सुरुवातीचं 'वजा एस' इथे उपयोगी पडतं. आपला हँडलर बिघडला की दुसऱ्या खिडकीतून क्यूईएमयूचा जीडीबी जोडा आणि त्याच्या आत काय चाललंय ते बघा. पॅकेटं बघायला 'सेट डीबग रिमोट १'.

हे जमलं की लिनक्सच्या रिस्क-फाइव्ह फोल्डरातली केजीडीबी.सी उघडा. ती ५.८ आवृत्तीत, २०२० साली आली. रजिस्टरांचा तक्ता, पीसी बसवणं, पुढचा पत्ता काढणं, हाताने लिहिलेल्या ईब्रेकवरून पुढे सरकणं, सगळं ओळखीचं वाटेल. पॅकेटांचं काम तिथे सर्व प्रोसेसरांना सामायिक आहे, आणि त्या सामायिक भागातल्या डीबग_कोअर.सी या फाइलच्या माथ्यावर अमित एस. काळे हे नाव आहे. मी ते दोघांना मुद्दाम दाखवलं. त्यानंतर दोघं त्याच फाइलमध्ये शिरले ते बाकीचे हार्ट कसे थांबवतात हे शोधायला. येत्या शनिवारी सीपीयूंची संख्या १वरून ३ करायची आहे.