फळ्याच्या फोटोला नाव द्या

कोल्हापुरात पंचगंगेला पाणी चढलं, की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचे मेसेज धो धो येतात आणि अभ्यास त्याखाली गडप होतो. उपाय सोपा आहे.

१. फळ्याचा फोटो नुसता टाकू नका. त्याच्याच खाली लिहा: ‘सातगणित अपूर्णांक’ (म्हणजे सातवीचं गणित, धडा अपूर्णांक). असा जोडशब्द एरवी कोणी लिहीत नाही, म्हणून तर तो कामाचा!
२. मुलांनी ग्रुपच्या सर्चमध्ये ‘सातगणित’ टाकायचं. जुने फोटोही सापडतात.
३. चालू गृहपाठ ७ दिवसांसाठी पिन करा.

शब्द मात्र कायम तसाच लिहा. मी एकदा ‘सात गणित’ असं तोडून लिहिलं, तो धडा कुणालाच मिळाला नाही. व्हॉइस मेसेजमधलं बोलणंही सर्चमध्ये येत नाही.