बाराव्या शतकातील राजपंगत: तयारीची यादी

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सुमारे ११३० सालचा आहे. त्यातील अन्नभोगाचे प्रकरण समोर ठेवून चाळीस पानांची पंगत घालायची असेल, तर महिनाभर आधी कागद घेऊन बसावे आणि दोन रकाने आखावेत: एकात पानात वाढले जाणारे सारे, दुसऱ्यात ते शिजवण्यासाठी लागणारे सारे. माझ्या मते पहिल्या रकान्यात तडजोड करू नये आणि दुसऱ्यात निःसंकोच करावी, कारण पाहुण्याच्या जिभेला जे कळते तेच त्या काळाशी इमान राखते, आणि उडीद पाट्यावर वाटला की मिक्सरवर हे जिभेला फारसे कळत नाही.

मग जिन्नस तपासावेत. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणा, काजू आणि साबुदाणा हे सगळे पोर्तुगीज आल्यानंतर, म्हणजे १४९८ नंतर, आपल्याकडे पोहोचले. ते यादीतून काढावेत आणि तळण-फोडणीला शेंगदाण्याच्या तेलाऐवजी साजूक तूप किंवा तिळाचे तेल घ्यावे. खरी फसगत तयार मसाल्यांत होते. विकतच्या गोड्या मसाल्यातही बहुधा लाल मिरची असते, म्हणून धणे, जिरे, सुंठ, काळी मिरी आणि पिंपळी सुटी आणून त्याच सकाळी कुटावी. मिरीचा तिखटपणा मिरचीसारखा लगेच ओठांवर येत नाही, तो घास गिळल्यावर घशात जाणवतो. त्यामुळे चव घेताना क्षणभर थांबावे, नाहीतर हात सैल सुटतो. बाजारातील बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ असते, हे गहू वर्ज्य असलेल्या पाहुण्यांसाठी आठवणीने टिपून ठेवावे.

ग्रंथातील रानडुक्कर, हरीण आणि कासव यांचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या जागी बोकडाचे मटण घ्यावे आणि पाहुण्यांना तसे सांगावे.

सर्वांत जास्त वेळ इड्डरिका आणि मांडे यांच्यासाठी राखावा. इड्डरिका हा इडलीचा पूर्वज, पण तिच्यात तांदूळ नाही. नुसत्या उडदाच्या पिठाला मिरपूड, जिरेपूड आणि हिंग. तांदळाशिवायचा उडीद निवला की घट्ट बसतो. एकदा मी त्या तासभर आधी करून ठेवल्या आणि पानापानांत अर्ध्या तशाच उरल्या, तेव्हापासून पाने मांडली की मगच पहिला घाणा काढतो. मांड्यांच्या बाबतीत घरी प्रयोग करण्याचा आग्रह सोडावा. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर, थेट कोपरापर्यंत खेळवत धोतराच्या कापडाइतका पातळ करणे आणि न फाडता उलट्या खापरावर पसरणे हे वर्षानुवर्षांच्या सवयीचे काम आहे. बेळगावकडे मांडे करणाऱ्या सुगरणी आजही आहेत. त्यांच्याकडे पंधरा दिवस आधी सांगून ठेवावे. खापराऐवजी उलटी कढई आणि खाली गॅस असला तरी मांडा मांडाच राहतो.

शिखरिणी, म्हणजे आपल्या श्रीखंडाची आजी, हिच्यासाठी तीन किलो चक्का आदल्या रात्री टांगावा, आणि तयार झाल्यावर वाढेपर्यंत ती फ्रिजमध्येच असावी. दह्यादुधाच्या बाबतीत प्रामाणिकपणाच्या नावाखाली कोणाच्या पोटाशी खेळू नये. त्याच कारणाने आंबट पदार्थांसाठी तांब्या-पितळेची भांडी कल्हई असल्याशिवाय काढू नयेत. पिण्याचे पाणी फुलांनी आणि कापराने सुवासिक करण्याची तेव्हा रीत होती. मोगरा किंवा वाळा पुरे, आणि कापूर वापरायचाच तर खाण्याचा भीमसेनीच आणावा, पूजेचा मुळीच नाही.

वाढपाचा क्रम वाढप्यांना आदल्या दिवशी वाचून दाखवावा: आधी भात, मूग आणि तूप, नंतर मांसाचे प्रकार, मध्यावर पायस, पुढे फळे आणि शिखरिणी, अखेरीस ताकभात. गोड मधेच येते याची आपल्या वाढप्यांना सवय नसते, म्हणून पायसाची पातेली भातामागोमाग हाताशी आणून ठेवावीत, आणि ताकभातासाठी एक किलो तांदूळ वेगळा, मऊ शिजवून ठेवावा.