रॉकेटचा सिग्नल तुटतो? अँटेना नळीत बसवा, मगच कापा

मॉडेल रॉकेटची टेलिमेट्री (उडताना रेडिओने खाली येणारी माहिती) मधेच गेली की जो तो सांगतो, जास्त पॉवरचं मॉड्यूल घे. घेऊ नका. आधी अँटेना तपासा.

मी 866 मेगाहर्ट्झच्या लोरा (कमी शक्तीत लांब पोचणारा रेडिओ) मॉड्यूलबद्दल लिहितोय. आपल्याकडे 865 ते 868 या पट्ट्यात ठरलेल्या शक्तीपर्यंत परवाना लागत नाही. परदेशी व्हिडिओतलं 915 चं मॉड्यूल इथे वापरू नका, ती सूट तिकडची आहे.

एका टोकाला एसएमए कनेक्टर लावलेली आरजी-316 ही बारीक कोॲक्स केबल घ्या. मोकळ्या टोकाचं वरचं आवरण 9 सेंटिमीटर सोला आणि आतली जाळी उलटी फिरवून उरलेल्या आवरणावर 8 सेंटिमीटर ओढून बसवा. वर राहिली ती मधली तार आणि खाली जाळी, झाला डायपोल, म्हणजे दोन भुजांची अँटेना. केबल रॉकेटच्या नळीच्या मधोमध सरळ उभी ठेवा. बॅटरी आणि स्क्रूचे लांब रॉड जाळीच्या शेजारी नकोत, खाली ठेवा.

आता कापणं. इथेच माझी दोन उड्डाणं वाया गेली. टेबलावर नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून मी डिप, म्हणजे अँटेना जिथे जुळते तो आलेखातला खळगा, बरोबर 866 वर आणला होता आणि खूश होऊन अँटेना पुठ्ठ्याच्या नळीत सरकवली. नंतर पुन्हा मोजलं तर डिप 840 च्या आसपास! पुठ्ठा तारेच्या इतका जवळ आला की अनुनाद खाली सरकतो. म्हणून अँटेना नळीत, बॅटरी जागेवर, नोजकोन लावलेला, अशा अवस्थेतच मोजा. मग बाहेर काढून तारेचं टोक 1 मिलिमीटर कापा, परत बसवा, परत मोजा. एका मिलिमीटरला साधारण 5 मेगाहर्ट्झचा फरक पडतो. कंटाळून एकदम अर्धा सेंटिमीटर उडवलात तर नवी केबल सोलायला बसावं लागेल. मोजताना नळी हातात धरू नका, दोरीने टांगा. आणि पावसाळ्यात इथला पुठ्ठा दमट होतो, तेव्हा मोजणी परत करा. नळी कार्बन फायबरची असेल किंवा तिला चांदीसारखा धातूचा रंग दिला असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. अँटेनाभोवती साधा पुठ्ठा किंवा फायबरग्लासच हवा.

जमिनीवर रिसीव्हरला तीन दांड्यांची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) पुरते. 3 मिलिमीटरच्या पितळी सळया, लाकडी पट्टी: मागची 16.7 सेंटिमीटर, पुढची 15.3, दोन्ही मधलीपासून 6.9 वर. मधली दोन तुकड्यांची, एकूण 16.2 च्या आसपास. ती मोजून जुळवा.

चाचणी वाशी-नेरूळच्या गच्चीवर करून निष्कर्ष काढू नका. 869 पासून पुढे मोबाइल टॉवरचं प्रसारण चालतं आणि यागी टॉवरकडे वळली की रिसीव्हर बहिरा होतो. ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानाच्या तलावाकाठी चालत जाऊन पाहा, तिथे मोकळं आहे. रॉकेट मात्र शहरात उडवू नका, विमानतळ जवळ आहे. परवानगी काढून लांबच्या माळावर जा.

तिथे गेल्यावर रिसीव्हर लाँचपॅडपाशी मांडू नका. डायपोल आपल्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच सोडत नाही, आणि रॉकेट डोक्यावर असतं तेव्हा शेपटीचं टोक तुमच्याकडे असतं. जेवढी उंची गाठायची आहे, साधारण तेवढंच बाजूला बसा. पॅराशूट उघडल्यावर रॉकेट आडवं लोंबकळतं, तेव्हा यागी हातातच धरून मनगट फिरवत राहा, सिग्नल परत येतो.