मुलाला गाण्याच्या क्लासला घालताय? आधी घरची १५ मिनिटं ठरवा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांचा ठरलेला प्रश्न, गाणं लावू की तबला, आणि त्याने अभ्यासात काही फायदा होतो का. तर आधी फायद्याचंच बोलू. मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवलं की मूल हुशार होतं असं जे फिरत असतं ना, त्याचं मूळ १९९३ च्या एका प्रयोगात आहे, आणि तो केला होता कॉलेजच्या मुलांवर, आकारांची कोडी सोडवण्यात थोडा फरक दिसला, तोही १०-१५ मिनिटंच टिकला. लहान मुलांचा त्यात संबंधच नव्हता. त्यामुळे गणितात मार्क वाढावेत एवढ्यासाठीच क्लास लावणार असाल तर प्लीज नका लावू. संगीताने मुलाचा कान तयार होतो. नीट ऐकणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चुकलं तरी न रडता पुढच्या समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याला, परत येणं, हे सगळं त्यातूनच येतं. पण आठवड्यातून दोनदा क्लासला सोडून आलो की झालं असं नाही, घरी रोज १५ मिनिटं आई नाहीतर बाबा शेजारी बसले तरच ते मुरतं. तुम्हाला गाता येत नसलं तरी चालतं, खरंच.

पाच-सहा वर्षांपर्यंत घाई नको. बडबडगीतं म्हणा, टाळ्या वाजवा, गणपतीत आरतीला झांज मुलाच्या हातात द्या आणि तो बेताल वाजवतोय म्हणून काढून घेऊ नका, चार दिवसांत आपोआप सगळ्यांबरोबर येतो.

मग तालापासून सुरुवात करा. मोबाईलवर तबल्याचं कुठलंही ॲप घ्या, तीनताल लावा, लय अगदी सावकाश. १६ मात्रा म्हणजे ठोके, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली म्हणजे हात नुसता बाजूला उघडायचा. तबल्याचे बोल असे, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आता मुलाला सांगा की डोळे मीट आणि डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या मोठ्या तबल्याचा, घुमारा कुठे जातो ते ओळख. तिं तिं ता आलं की तो गायब होतो आणि शेवटच्या भागात धिं बरोबर परत येतो. सुरुवातीला मुलं बोटं मोजत बसतात, पण काही दिवसांनी मोजणं सुटतं आणि खाली आली की हात आपला आपण उघडतो, तेव्हा समजायचं की कान लागला.

सुरांसाठी भूप राग सगळ्यात सोपा, कारण त्यात म आणि नी नाहीत, पाचच सूर, सा रे ग प ध. घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर काळी तीनला (तीन काळ्यांच्या गटातली पहिली पट्टी) सा धरा, अख्खा भूप फक्त काळ्या पट्ट्यांवर वाजतो, पांढरीला हात लावायचाच नाही! मुलं यावर जाम खूश होतात कारण चुकीचा सूर लागतच नाही. गाताना मात्र सा मुलाच्या गळ्याला सोयीचा घ्या, तो सरांना विचारून ठरवा. तानपुरा लावून नुसता सा दोन मिनिटं लावायचा, मग अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने गायचे सूर. पेटी लगेच विकत घेऊ नका, पहिलं वर्ष तानपुऱ्याचं ॲप पुरतं.

क्लास बघताना एकदा बसून ऐका. गाताना मुलांच्या मानेच्या शिरा फुगत असतील आणि सर तरीही मोठ्याने गा म्हणत असतील तर तिथे घालू नका. पहिल्या महिन्यातच गॅदरिंगचं गाणं बसवायला घेतलं तरी जरा विचार करा.

परीक्षांचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत, आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बरेच जण त्याच्याच मागे असतात. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गवयांच्या घराण्यात न जन्मलेल्या साध्या घरातल्या मुलांनाही गाणं शिकता यावं म्हणून, त्यामुळे परीक्षा जरूर द्या, पण वर्षभर त्याच चार बंदिशी (रागातली ठरलेली गाणी) घोटत राहू नका. मधेमधे मुलाला आवडतं ते गाऊ द्या, अभंग असो नाहीतर सिनेमातलं गाणं.

आणि मुलगा असेल तर एक लक्षात ठेवा, १२-१४ च्या आसपास आवाज फुटतो. तेव्हा वरचे सूर लागत नाहीत आणि मुलं लाजून गाणं सोडतात. त्या काळात सा खाली आणा, तार सप्तक म्हणजे वरचे सूर बंद, थोडं कमी गाऊ द्या आणि जोडीला तबला किंवा पेटी चालू ठेवा, म्हणजे आवाज बसेपर्यंत रियाज तुटत नाही.