ट्रान्सफॉर्मर, मोटर, पॅनल उचलताना या चुका टाळा

५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ट्रकवरून उतरवायचा होता. हायड्रावाल्याने (हायड्रा म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन) विचारलं, "वजन किती?" एक खलाशी, म्हणजे माल चढवणारा-उतरवणारा कामगार, म्हणाला, "असेल दीड टन." नेमप्लेटवरची धूळ पुसली तर दोन टन निघालं! प्लेटवर तेलाचं वजन वेगळं आणि एकूण वजन वेगळं लिहिलेलं असतं. घाईत नको तो आकडा वाचला जातो.

मग हुक कुठे लावायचा? झाकणावरचे छोटे लग (हुक अडकवायचे कान) वरच असतात, म्हणून हात आधी तिकडे जातो. ते झाकणापुरतेच असतात. अख्खा ट्रान्सफॉर्मर उचलायचा तर टाकीच्या अंगाला वेल्ड केलेले लग घ्या, आणि चारही घ्या. बुशिंगला (तारा जोडायच्या चिनी मातीच्या खुंट्यांना) किंवा रेडिएटरला (तेल थंड करणाऱ्या पंखांना) स्लिंग, म्हणजे उचलायचा दोर किंवा पट्टा, टेकूसुद्धा देऊ नका. रेडिएटरचा सांधा दुखावला तर त्या दिवशी काही कळत नाही. आठवड्याने खाली तेलाचा डाग दिसतो.

सगळ्यात फसवी चूक आखूड स्लिंगची. स्लिंग जितकी आखूड तितकी ती आडवी पडते आणि तिच्यावरचा ताण वाढतो. दोन टनांचा माल स्लिंगच्या दोन पायांवर (हुकापासून मालापर्यंतच्या दोन पदरांवर) घेतला आणि स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत असली, तर एकेका पायावर सुमारे १.१५ टन ताण येतो. ४५ अंशांत १.४ टन. ३० अंशांत पुरे दोन टन, तेही प्रत्येक पायावर! चार पाय लावले तरी हिशोब दोनचाच धरा, कारण ताण चौघांत सारखा वाटला जात नाही.

मोटरचा आयबोल्ट (वर कडी असलेला बोल्ट) फक्त मोटरचं वजन पेलतो. पंप किंवा गिअरबॉक्स जोडलेला असेल तर बेसफ्रेमला धरा.

पॅनल उचलताच पुढे झुकलं, की दोघेजण मागून लोंबकळतात. हे आमच्याकडे अजूनही चालतं, आणि चालू नये. खाली ठेवा, ड्रॉ-आउट ब्रेकर (पॅनलमधून ओढून काढता येणारे जड स्विच) बाहेर काढा, हुक वजनाच्या मध्यावर आणा, पुन्हा उचला. कुठलाही माल आधी वीतभर उचलून थांबायचं, तोल बघायचा, मगच पुढे.

चेन पुली, शॅकल (स्लिंग जोडायची पिनवाली कडी), स्लिंग यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्या; २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८च्या कलम २९ने ती बंधनकारक होती. सर्टिफिकेटची तारीख बघायला मिनिटही लागत नाही.

ट्रान्सफॉर्मर उतरवायच्या त्या दिवशी आमचीही स्लिंग आखूड होती; लांब स्लिंग येईपर्यंत तास गेला, हायड्राचं वेटिंग लागलं. ते बिल मंजूर करून घ्यायला मात्र तीन आठवडे लागले.